दत्तराव डायव्हरची पेशी

मंगळवार हा आमच्या कोर्टात मोटार केसेसचा दिवस. सकाळपासून व्हरांडा भरलेला असायचा. ट्रकवाले, टेम्पोवाले, काळीपिवळी जीपवाले, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले, आणि दिवा नसलेल्या सायकलीवर पकडलेली कॉलेजची पोरं. पुकारा झाला की एकेक जण आत यायचा. साहेब विचारायचे, "गुन्हा कबूल आहे का?" तो खाली मान घालून म्हणायचा, "कबूल." मग नाझरकडे दंड भरायचा, पोलिसांनी जमा केलेलं लायसन सोडवून घ्यायचं आणि निघायचं. दुपारच्या जेवणापर्यंत व्हरांड्यात बिड्यांची थोटकं तेवढी उरायची.

त्या सगळ्या गर्दीत एकच माणूस "नाही" म्हणणारा होता. दत्तराव वल्द किशनराव. व्यवसाय, डायव्हर.

मी परभणी जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या कोर्टात टंकलेखक म्हणून लागले ती नामांतराच्या दंगलीनंतर दोन-तीन वर्षांनी. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली बरीच माणसं अजून आहेत. मी नांदेडची. गावात ओळखीचं कोणी नव्हतं. बँकेमागे एक खोली घेतली होती, आणि संध्याकाळी दार लावलं की सकाळपर्यंत कोणाशी बोलायची वेळ यायची नाही. त्यामुळे असेल, पण कोर्टात एकटं बसलेलं माणूस माझ्या नजरेत लवकर यायचं.

दत्तराव तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. उंच, पण खांद्यातून वाकलेले, अजून ट्रकच्या केबिनमध्येच बसले आहेत असे. उजवा हात कोपरापासून खाली डाव्यापेक्षा कितीतरी काळा. वर्षानुवर्षं तो हात खिडकीबाहेर उन्हात राहिला होता. कोर्टाच्या दारातून बाहेर पडतानासुद्धा ते आधी उजव्या बाजूला, आरसा असतो तेवढ्या उंचीवर, एकदा बघायचे आणि मग पाऊल टाकायचे. वकील लोक या सवयीची नक्कल करायचे. दत्तरावांना ते माहीत होतं.

गफूरभाई शिपाई पुकारा द्यायचा, "दत्तराव वल्द किशनराव, हाजिर हाय का?"

"हाजिर हाय जी."

साहेब मिसल, म्हणजे केसची फाईल, उघडायचे. चलान फाडणारा हवालदार साक्षीला आलेला नसायचा. त्याची बदली झालेली, समन्स परत आलेलं. साहेब पुढची पेशी, म्हणजे तारीख, द्यायचे. दत्तराव "जी" म्हणून मागे वळायचे. अशा वेळी माणूस वैतागतो. खेटा फुकट गेला, रोज बुडाला, असं काहीतरी पुटपुटतो. यांचा चेहरा उलट सैल व्हायचा, शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या मुलासारखा. मला ते फार दिवस कळलं नाही.

ही केस काय होती ते मला गफूरभाईनं सांगितलं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात खेडोपाडी दलित वस्त्या पेटल्या, तेव्हाची गोष्ट. दत्तराव एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर होते. गंगाखेडला खताची पोती उतरवून मोकळी गाडी घेऊन परत येत होते. त्यांच्या स्वतःच्या गावाच्या अलीकडे त्यांना धूर दिसला आणि मग रस्त्यानं चालत येणारी माणसं. बाया, लेकरं, डोक्यावर गाठोडी, एका म्हाताऱ्याला बाजेवर घातलेलं, दोऱ्यांनी ओढलेल्या बकऱ्या. वस्तीतली माणसं. लहानपणापासून ओळखीची. दत्तरावांनी गाडी थांबवली, मागची फळी पाडली. तालुक्याच्या शाळेत लोकांची सोय केली होती तिथं त्यांना नेऊन सोडायचं ठरवलं. नाक्यावर बंदोबस्त होता. हवालदारानं गाडी अडवली. मालवाहू गाडीत माणसं. त्यानं चलान फाडलं.

पुढं सगळं एकामागून एक झालं. मालकानं दुसऱ्या दिवशी गाडीची चावी मागून घेतली. गावात पिठाच्या गिरणीवर दत्तरावांच्या घरचं दळण घेईनात. धाकटा भाऊ घरात बोलेना. लेक लग्नाला आली होती, तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. बायको दोन वर्षांपूर्वीच गेलेली. शेवटी भाऊ म्हणाला, "तू घरात हाईस तवर पोरीला कुनी करून घेनार न्हाई." दत्तरावांनी कपड्यांची पिशवी उचलली आणि तालुक्याला आले. बसस्टँडच्या मागे एका मेकॅनिकच्या पत्र्याच्या खोलीत राहू लागले. कारखाना सुरू असला की उसाची ट्रॉली चालवायची, नसला की ज्याची मिळेल त्याची जीप.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही? पुढं काय होईल ते?"

"गाडी मोकळी होती, ताई," ते म्हणाले. "भरलेली असती तर मी थांबलो असतो का, काय माहीत."

त्यांचं बोलणं असं, दोन वाक्यांत संपणारं. कोणी म्हणालं, "जाऊ द्या, आपलं काय जातंय," तर ते हळूच म्हणायचे, "जातंय की." काय जातंय ते कधी सांगायचे नाहीत. व्हरांड्यात नवखा जीपवाला घाबरून बसलेला दिसला की त्याच्याजवळ सरकायचे. "कागदात काय लिवलंय ते वाचून घे आधी. मंग कबूल म्हन." तो पोरगा वाचायचा नाही. आत जाऊन "कबूल" म्हणायचा आणि यांच्याकडे न बघता निघून जायचा. दत्तराव मात्र पुढच्या मंगळवारी पुन्हा दुसऱ्या कोणाजवळ सरकलेले असायचे.

साहेब लोक बदलत गेले. त्यातले एक साहेब फार सज्जन होते. त्यांनी मिसल वाचली, चष्मा काढला आणि दत्तरावांना जवळ बोलावलं.

"हे बघा, तुम्ही कबूल म्हणा. मी ताकीद देऊन सोडतो. दंडसुद्धा लावत नाही. इतकी वर्षं खेटे घालताय, किती दिवस घालणार?"

"कबूल कशाला करू, साहेब? मी वंगाळ काम केलं का?"

"चांगलं-वाईट मी म्हणत नाही. कायद्यानं मालाच्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत."

"मंग बसवायची न्हवती का?"

सरकारी वकील खिडकीतून बाहेर बघत होते. मग साहेबांनी चष्मा घातला आणि पुढची तारीख दिली.

एक पावसाळा असा गेला की दत्तरावांची मिसलच सापडेना. छपराला गळती लागली होती म्हणून रेकॉर्डच्या खोलीतली कागदांची बासनं इकडची तिकडे हलवली होती. त्या मंगळवारी त्यांचा पुकाराच झाला नाही. ते पेशकारांकडे गेले. पेशकार म्हणाले, "तुमची केस बोर्डावर नाही. मिसल दिसत नाही. बरंच झालं की, घरी जा. नसली तर नसली."

दत्तराव घरी गेले नाहीत. रेकॉर्डच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसले. जेवणाची सुट्टी झाली, कोर्ट परत भरलं, तरी तिथंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. शेवटी गफूरभाईनं किल्ली आणली आणि मला म्हणाला, "चला बाई, बघू. हा माणूस असा बसला तर मला भाकर जाईना."

आम्ही दोघं बासनं सोडत गेलो. ओल्या कागदांचा वास, झुरळं, वाळवी. ट्रकच्या केसेस बघितल्या, जीपच्या बघितल्या. मिसल सापडली ती सायकलींच्या गठ्ठ्यात. दिवा नसलेल्या, डबलसीट बसलेल्या पोरांच्या कागदांमध्ये ती कोणीतरी बांधून टाकली होती. मी ती बाहेर नेऊन दत्तरावांच्या हातात दिली. त्यांनी घेतली नाही.

"माझीच हाय ना? वाचा बरं."

मी वाचलं. गाडीचा नंबर, नाक्याचं नाव, मालवाहू वाहनात इसम, स्त्रिया व लहान मुले बसवून वाहतूक करीत असताना मिळून आला. ते लक्ष देऊन ऐकत होते. वाचून संपल्यावर म्हणाले, "बकऱ्या लिवल्या न्हाईत. बकऱ्या बी होत्या."

गफूरभाई हसला. दत्तरावही हसले. त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस ते भलत्याच वारी कोर्टात आले. मंगळवार नव्हता, त्यांची तारीख नव्हती. कोरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा. फेटा त्यांना कधी कोणी पाहिला नव्हता. ते त्यांच्या नेहमीच्या जागी व्हरांड्यात बसले. वकिलांच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं, "काय दत्तराव, आज केस जिंकली का?" ते "न्हाई जी" म्हणाले. दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास ते उठून उभे राहिले. दोन्ही हात पोटाशी धरून, दक्षिणेकडं तोंड करून जरा वेळ उभे होते आणि परत बसले. मला वाटलं पाय आखडले असतील.

संध्याकाळी गफूरभाईनं सांगितलं की त्या दिवशी सोनपेठला त्यांच्या लेकीचं लग्न होतं. भावानं ठरवलेलं. दत्तरावांना बोलावलेलं नव्हतं. मुलाकडच्या लोकांना मुलीचा बाप वारला असंच सांगितलं होतं. दत्तरावांना मुहूर्त कळला होता. अक्षता पडायच्या वेळेला ते उभे राहिले होते.

"मग कोर्टात कशाला आले?" मी विचारलं.

"खोलीवर एकट्यानं कसं बसावं, बाई? इथं चार मानसं असतेत," गफूरभाई म्हणाला.

तेव्हा मला त्यांच्या त्या सैल होणाऱ्या चेहऱ्याचं थोडंफार उमगलं. केस संपली असती तर मंगळवारीही त्यांना जायला जागा राहिली नसती. पण ते अर्धंच होतं. उरलेलं मला गयाबाईंमुळे कळलं.

एका नव्या वकिलानं दत्तरावांना सांगितलं होतं की तुमच्याही बाजूनं साक्षीदार आणता येईल, गाडीत बसलेल्यांपैकी कोणी असेल तर बघा. ती माणसं गावी परत गेली नव्हती. तालुक्याच्या कडेला झोपड्या घालून राहिली होती. दत्तराव कोणाला बोलवायला गेले नाहीत, पण बातमी गेली असावी. एका मंगळवारी त्यांच्यातल्या गयाबाई स्वतःच आल्या. साठीच्या, बारक्या, काळ्या, हिरवं नऊवारी लुगडं, हातात काठी. त्या दिवशी हवालदार आला नव्हता, तेव्हा त्यांची साक्ष घ्यायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या तारखेलाही त्या आल्या. तेव्हाही तेच.

तारीख पडल्यावर त्या व्हरांड्यात दत्तरावांच्या शेजारी टेकल्या. माझं टेबल खिडकीला लागून होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, तुमी नका येत जाऊ," दत्तराव म्हणाले. "रोज बुडतोय तुमचा."

"माझा मी बघीन." गयाबाईंनी काठी भिंतीला लावली. "तुला एक इचारायचं हाय. ह्या केसात तू छाती काढून म्हनतूस, गुन्हा न्हाई. मंग आमच्या केसात कामून गप बसलास?"

त्यांची केस म्हणजे घरं जाळल्याची. ती परभणीला चालली होती. त्यात दत्तरावांनाही साक्षीला बोलावलं होतं. सगळे आरोपी सुटले होते.

"धुरात तोंडं दिसली न्हाईत, मावशी."

"धूर आमच्या डोळ्यात होता. तरी आमी नावं सांगितली. आमचं कुनी खरं धरलं न्हाई. म्हनले, हे दुश्मनीतून सांगायलेत. तू सांगितली असतीस तर धरलं असतं. तू त्यायच्यातला."

भिंतीवरून घसरलेली काठी दत्तरावांनी सरळ करून ठेवली.

"पाटाच्या पुलावर उभा होता तुझा भाऊ. हातात राकेलचा डबा होता. तुझी गाडी त्याच्या अंगावरून गेली म्हन, इतकी जवळून गेली. तू हॉरन वाजवलास. मी फळीला धरून उभी होते, मी बघितलं."

"व्हय," दत्तराव म्हणाले. फार हळू, पण मी ऐकलं.

"मी तुला शिव्या द्यायला आले न्हाई. तू गाडी थांबवलीस. आमी काही तुला हाक मारली न्हवती, तू आपल्या मनानं थांबवलीस. ते मी साहेबाला सांगनार. खरं हाय म्हनून सांगनार. पन हे बी खरं हाय."

मग त्यांनी पदराच्या गाठीतून भाकर काढली, तिचे दोन तुकडे केले आणि एक त्यांच्यापुढं धरला. दत्तरावांनी घेतला. दोघं एकमेकांकडं न बघता खात बसले. भाकरीवर फक्त ठेचा होता. खाऊन झाल्यावर गयाबाई काठी घेऊन उठल्या आणि "पुढच्या पेशीला यीन" म्हणून गेल्या.

त्या दिवसापासून पुढची तारीख मिळाली की दत्तरावांचा चेहरा सैल होईना. ते विचारायला लागले, हवालदार कधी येणार, समन्स कुठं पाठवलंय, पत्ता बरोबर आहे का. स्वतः जाऊन त्याच्या जुन्या शेजाऱ्यांकडं चौकशी करून आले. एकदा कोर्ट सुटल्यावर माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"ताई, साहेब मला कवा इचारतेत? माझं म्हननं?"

"हवालदाराची साक्ष झाली की. मग आरोपीला विचारतात, तुला काय सांगायचंय."

"तवा सांगीन ते सगळं लिवून घेतेत?"

"साहेब सांगतील तसं मी टाइप करते."

"कुनाची नावं सांगितली, तर ती बी?"

मी "कोणाची" म्हणून विचारलं नाही. मला माहीत होतं. मी म्हणाले, "केसशी संबंध असेल तर ती पण."

"हाय की संबंध," ते म्हणाले. "गाडीत मानसं कामून बसवली म्हनून इचारतील ना. तवा सांगावंच लागंल ती कशाला पळायली होती, कुनापासून."

म्हणजे इतकी वर्षं ते याच प्रश्नाची वाट बघत होते, आणि त्यालाच भीत होते. कबूल म्हटलं असतं तर तो प्रश्न कोणी विचारलाच नसता. "नाही" म्हणून तो त्यांनी जिवंत ठेवला होता, आणि हवालदार आला नाही की सुटल्यासारखं व्हायचं. हे सगळं मी नंतर जुळवलेलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की बोलणं संपलं तरी त्यांनी खिडकीचा गज सोडला नव्हता.

गयाबाई पुढच्या पेशीला आल्या, त्याच्या पुढच्याही. नंतर आल्या नाहीत. वैशाखात तापानं गेल्या. मातीला दत्तराव गेले होते. गफूरभाईचं घर त्या वस्तीच्या जवळ. त्यानं सांगितलं, सगळ्यांच्या मागे उभे होते, कोणी या म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी वरून हुकूम आला. जुनी किरकोळ प्रकरणं निकाली काढा. नवे साहेब तरुण होते, कामाला झपाटा होता. मंगळवारी त्यांनी एकामागून एक मिसली संपवायला सुरुवात केली. दत्तरावांचा पुकारा झाला. ते पुढं येऊन उभे राहिले. स्वच्छ दाढी केलेली, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली.

साहेबांनी पानं चाळली. "साक्षीदार सेवानिवृत्त. पत्ता लागत नाही. प्रकरण पुढं चालवण्यात अर्थ नाही. कामकाज थांबवण्यात येत आहे. आरोपी मुक्त." मी टाइप केलं. साहेब मान वर करून म्हणाले, "सुटलात तुम्ही."

"साहेब, माझं म्हननं राह्यलं."

"आता त्याची गरज नाही. केस संपली."

"मला सांगायचं हाय, साहेब."

"अहो, सुटलात म्हणतोय ना. घरी जा."

"नावं सांगायची हायेत."

साहेबांनी सरकारी वकिलांकडं बघितलं. ते जुने होते, त्यांना सगळं माहीत होतं. ते कागद लावत बसले. साहेब म्हणाले, "कसली नावं? या केसमध्ये दुसरा आरोपीच नाही."

ते खरंच होतं. त्या मिसलीत दत्तरावांशिवाय कोणाचं नाव नव्हतं.

माझी बोटं टाइपरायटरवर होती. साहेबांनी सांगितल्याशिवाय मला एक अक्षर उठवता येत नव्हतं. दत्तरावांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग गफूरभाईनं पुढचा पुकारा दिला, कारण द्यावाच लागत होता. एक टेम्पोवाला आत आला आणि दत्तरावांना थोडं बाजूला सरकावून उभा राहिला. "कबूल," तो म्हणाला.

दत्तराव कोर्टातून निघाले ते खोलीवर न जाता थेट वस्तीवर गेले. पुढचं गफूरभाईनं पाहिलेलं. दिवे लागायच्या आधीची वेळ. बाया पाणी भरत होत्या. गयाबाईंचा मुलगा अशोक सायकल पुसत दारात बसला होता. दत्तराव त्याच्यासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं, कोर्टात उभं राहतात तसे हात बाजूला सोडून, नावं घेऊ लागले. पहिलं नाव भावाचं. मग चुलत्याच्या दोन पोरांचं. मग सरपंचाच्या घरचं. कोण कुठं उभं होतं, कोणाच्या हातात काय होतं. बाया हंडे खाली ठेवून जवळ आल्या.

संपल्यावर अशोक म्हणाला, "आमाला ठावं हाय, दत्तराव. समद्यायला ठावं हाय."

"ठावं हाय. पन मी म्हनलो न्हवतो."

"आईच्या जित्तेपनी म्हनायला पाह्यजे होतं."

"व्हय," दत्तराव म्हणाले.

अशोकनं सायकल बाजूला केली. त्यांना बसायला जागा दिली. ते बसले. एका पोरीनं पाणी आणून दिलं, ते प्यायले. पुढच्या आठवड्यात अशोक त्यांना परभणीला एका वकिलाकडं घेऊन गेला. तिथं दत्तरावांनी सगळं लिहून दिलं, सही केली. वकील म्हणाला, आरोपी एकदा सुटलेले आहेत, आता फार काही व्हायचं नाही. झालंही नाही. फक्त गावात कळलं. भावानं निरोप धाडला, आमच्या दारात येऊ नकोस, आमच्या मयतीला बी येऊ नकोस. पत्र्याची खोली ज्या मेकॅनिकची होती त्याचं गिऱ्हाईक त्याच गावचं. त्यानं खोली सोडायला सांगितलं.

नंतरच्या मंगळवारी व्हरांड्यात त्यांच्या जागेवर दुसरी माणसं बसली होती. गफूरभाई पुकारा द्यायला बाहेर गेला की त्या कोपऱ्याकडं बघायचा. दत्तराव कुठं गेले ते कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्याबद्दल विचारणारंही आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. पुढं माझी परभणीला बदली झाली.

विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी परभणीहून नांदेडला आईकडं निघाले होते. आमची पॅसेंजर चुडाव्याला थांबून राहिली. समोरून येणारी गाडी आधी जायची होती. ती आली, पलीकडच्या रुळांवर उभी राहिली. लहान स्टेशन, दहा-वीस माणसं चढली-उतरली असतील. त्यांत एक उंच म्हातारा एका लहान मुलाला उचलून डब्यात चढवताना दिसला. मुलामागून तिशी ओलांडलेली एक बाई चढली. गाडी गेली, आणि तो तिथंच उभा राहिला. मी हाक मारली, "दत्तराव!"

त्यांनी आधी उजवीकडं बघितलं, मग मला. रूळ ओलांडून खिडकीशी आले. केस सगळे पांढरे झाले होते.

"ताई. नोकरी कुठं हाय आता?"

मी सांगितलं. गफूरभाई रिटायर झाला तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते आता तिथल्याच एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर होते, त्याच्याच आखाड्यावर, शेतातल्या खोपटात, राहत होते.

"ती कोण होती?" मी विचारलं.

"लेक. सोनपेठची." मग म्हणाले, "पहिल्यांदाच आल्ती. घरी सांगून आली न्हाई."

"राहिली का?"

"न्हाई. सकाळच्या गाडीनं आली. एकच इचारलं तिनं. बाबा, काकाचं नाव खरंच घेतलंत का तुमी. मी म्हनलं, घेतलं."

"मग?"

"मंग काय. भाकर केली मी. खाल्ली तिनं. लेकरू ट्रॅक्टरवर बसलं जरा वेळ. स्टेरिंग सोडीना."

"पुन्हा येणार आहे का?"

"त्ये काही म्हनली न्हाई." त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला होता, तो काढून घेतला. "मी बी इचारलं न्हाई."

शिट्टी झाली. मी घाईघाईनं माझा परभणीचा पत्ता सांगू लागले. ते "व्हय, व्हय" म्हणत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. आमची गाडी हलली. मी खिडकीतून वाकून मागं पाहिलं. दत्तराव आमच्या गाडीकडं पाठ करून उभे होते. ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून कपाळाशी हात धरून ते परभणीच्या दिशेनं रुळांकडं बघत होते. ती गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती.